हसून सोडलेले घोटाळे

ऐंशीच्या दशकात अमेरिकेच्या टेक्सस राज्यातल्या डॅलस शहरात एका दैनिकाने आपल्याच स्तंभलेखिकेच्या नावाने रस्त्यांवर मोठाले फलक लावले होते. मजकूर साधारण असा : मॉली आयव्हिन्सला असं म्हणता येतं का हो? झालं होतं एवढंच, की बाईंनी एका खासदाराबद्दल लिहिलं होतं, यांचा बुद्ध्यांक अजून जरा घसरला तर यांना दिवसातून दोनदा पाणी घालावं लागेल. समर्थक खवळले, जाहिरातदार कुरकुरायला लागले. संपादकांना दिलगिरीची चौकट छापून विषय मिटवता आला असता. त्यांनी भांडणाचीच जाहिरात केली. पुढे १९९१ मध्ये आयव्हिन्सच्या स्तंभांचा संग्रह निघाला तेव्हा फलकावरचं तेच वाक्य पुस्तकाचं नाव झालं.

हा संग्रह मी ठाणे-वाशी लोकलमध्ये वाचून काढला, म्हणजे तसा तुकड्यातुकड्यानेच. तरीही स्तंभ एकापाठोपाठ एक वाचले की रोजच्या पेपरात न दिसणारी गोष्ट दिसायला लागते. रोजच्या पेपरात घोटाळा नवा असतो, माणसं ताजी असतात आणि टोमणा लागला की आपण खूश होतो. तीस-चाळीस वर्षांनी, हजारो मैलांवर, त्यातली निम्मी नावं आपल्याला कोणाचीच नसतात. मग कळतं की कुठला विनोद फक्त त्या दिवसापुरता होता आणि कुठल्याने अजून दात राखलेत. माझा अनुभव असा, की ज्या स्तंभात नेता कसा दिसतो, कसा बोलतो यावर हशा आहे ते शिळे झालेत. जिथे पैसा कुठल्या खिशातून निघून कुठल्या खिशात, कुठल्या नियमाच्या आडून गेला हे सांगता सांगता ती हसवते, तिथे आजही चरचरतं.

टेक्ससच्या राजकारणाने तिला साहित्याची कमतरता कधी भासू दिली नाही. १९८९ ची गोष्ट. कोंबड्यांच्या धंद्यातला एक बडा उद्योगपती सरळ राज्याच्या सिनेटच्या सभागृहात शिरला आणि त्याने सिनेटरांना दहा-दहा हजार डॉलरचे चेक वाटले. घेणाऱ्याच्या नावाची जागा कोरी. त्या वेळी कामावर जखमी होणाऱ्या मजुरांच्या नुकसानभरपाईचा कायदा सभागृहापुढे होता, आणि कोंबड्यांच्या कारखान्यांत मजूर जखमी होत असतात. गवगवा झाल्यावर सरकारी वकिलांनी कायदा तपासला, तर यात काहीच बेकायदा नव्हतं. लाच कायदेशीर होती, फक्त तिला लाच म्हणत नसत. या प्रकारानंतर १९९१ मध्ये राज्यात नैतिकता आयोग नेमावा लागला.

त्याच्या आधीचं शार्प्सटाउन प्रकरण तर शिकवणीला लावावं असं आहे. ह्यूस्टनच्या फ्रँक शार्प नावाच्या बँकवाल्याला केंद्राच्या तपासणीतून आपली बँक सोडवून घेणारं विधेयक हवं होतं. त्याच्या बँकेने बड्या राजकारण्यांना कर्ज दिलं, त्या कर्जातून त्यांनी त्याच्याच विमा कंपनीचे शेअर घेतले, मग भाव फुगवला गेला, शेअर विकले गेले आणि नफा पदरात पडला. विधेयक १९६९ मध्ये मंजूर झालं. गव्हर्नर प्रेस्टन स्मिथ यांनी आधी नफा घेतला आणि नंतर विधेयकावर नकाराधिकार वापरला. म्हणजे खाल्लंही, आणि ज्याचं खाल्लं त्याचं कामही केलं नाही! १९७१ मध्ये हे फुटलं. १९७२ मध्ये राज्याच्या प्रतिनिधिगृहाचे सभापती गस मचर कटाच्या आरोपाखाली दोषी ठरले, गव्हर्नर स्वतःच्या पक्षातच उमेदवारी हरले, आणि त्या वर्षीच्या निवडणुकीत जवळपास निम्मं सभागृह बदललं. पुढच्या वर्षी सरकारी कागद आणि बैठका लोकांना जास्त खुल्या करणारे कायदे झाले. आयव्हिन्स तेव्हा 'टेक्सस ऑब्झर्व्हर' नावाच्या चिमुकल्या पाक्षिकात होती. कर्ज, शेअर, भाव, विधेयक ही साखळी लोकांना तोंडपाठ झाल्यावर त्यांनी मत दिलं. नुसतं हसून निम्मं सभागृह बदलत नाही.

आता बाईंवरचा माझा आक्षेप. त्यांना हे चोर फार आवडायचे. पुढारी जितका अडाणी, जितका रांगडा, तितकी लेखणी खुलते. चार-सहा स्तंभ वाचल्यावर आपणही त्या माणसाची वाट बघायला लागतो. आता हा पुढे काय बोलतो, असं. लाच खाणारा हळूहळू नाटकातलं लाडकं पात्र होतो. मराठी वाचकाला हे वेगळं सांगायला नको. 'खातो, पण काम करतो' हे वाक्य ठाण्याच्या कुठल्याही रिक्षा स्टँडवर, राम मारुती रोडवरच्या कुठल्याही कट्ट्यावर ऐकायला मिळतं, आणि म्हणणाऱ्याच्या आवाजात तक्रार कमी, कौतुक जास्त असतं. एखाद्याच्या दणक्याचे, शिव्यांचे, रात्री दोन वाजता फोन उचलण्याचे किस्से सांगितले की त्याच्या नावावरच्या भूखंडांचा विषय आपोआप मागे पडतो. किस्सा हा पुढाऱ्याचा सगळ्यात स्वस्त वकील आहे, आणि विनोदी लेखक नकळत ते वकीलपत्र घेतो. आयव्हिन्सनेही काही वेळा घेतलंय, माझ्या मते.

आपल्याकडे हे सगळं नवीन आहे असं मात्र कोणी म्हणू नये. शिवरामपंत परांजप्यांच्या 'काळ'ने १८९८ पासून इंग्रज सरकारची इतकी भरभरून स्तुती केली की सरकारला तिचा अर्थ कळायला वेळ लागला. कळला तेव्हा, १९०८ मध्ये, राजद्रोहाखाली तुरुंग. अत्र्यांच्या 'मराठा'ने संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात दिल्लीच्या आणि मुंबईच्या काँग्रेसश्रेष्ठींची घेतलेली हजेरी अजून लोक मिटक्या मारत सांगतात. पण मला त्याही मागचा एक प्रसंग महत्त्वाचा वाटतो. कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे छत्रपतींचा छळ करताहेत, असं 'केसरी'ने पत्रांच्या आधारावर छापलं. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि ती पत्रं बनावट निघाली. १८८२ मध्ये टिळक-आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा झाली. १०१ दिवस ते डोंगरीच्या तुरुंगात होते. लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं हे खरं. पण छत्रपतींच्या बाजूने काय सिद्ध झालं? काही नाही. कागद कच्चा असला की धाडसाचं कौतुक होतं आणि मूळ प्रश्न तसाच राहतो.

याच्या उलट अंतुले प्रकरण. ३१ ऑगस्ट १९८१ ला अरुण शौरींनी 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये लिहिलं त्यात भाषा तिखट होती, पण तिखटपणाने मुख्यमंत्री जात नसतो. त्या काळात सिमेंट सरकारी परवान्यावर मिळायचं. कोणत्या बिल्डरने इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानला किती देणगी दिली आणि त्याला किती सिमेंट मिळालं, हे दोन रकाने शेजारी शेजारी आले आणि गोष्ट संपली. जानेवारी १९८२ मध्ये न्यायमूर्ती लेंटिन यांचा निकाल आला, अंतुल्यांनी राजीनामा दिला. मराठी माणसाने त्या काळात सिमेंटवरून केलेले विनोद थोरामोठ्यांकडून मी ऐकलेत. ते टिकले, कारण त्यांच्या खाली तो हिशेब होता.

आणि आता २०२२ आठवा. जूनमध्ये आमदार सुरतेला गेले, तिथून गुवाहाटीला. एका आमदाराचं फोनवरचं बोलणं बाहेर आलं : काय झाडी, काय डोंगार, काय हाटील. दोन दिवसांत त्याची गाणी झाली, लग्नाच्या वरातीत वाजली, टी-शर्टावर आली. मीही हसलो, माणूस बोललाच तसा गोड. पण राज्यातलं सरकार पाडण्यासाठी डझनावारी आमदार परराज्यातल्या पंचतारांकित हॉटेलात राहताहेत, विमानं भाड्याने येताहेत, हे बिल कोण भरतंय, हा एवढा सरळ प्रश्न त्या गाण्याच्या आवाजात कोणाला ऐकूच आला नाही. ऑगस्टमध्ये विरोधकांनी विधानभवनाच्या पायऱ्यांवर 'पन्नास खोके, एकदम ओके' सुरू केलं. घोषणा यमकात बसली, पोळ्याला बैलांच्या अंगावर रंगवली गेली. तो आरोप होता, सिद्ध झालेला नाही, आणि आरोप करणाऱ्यांनीही तो सिद्ध करण्यासाठी फार घाम गाळल्याचं दिसलं नाही. यमक जुळलं होतं, आणखी काय हवं! ज्यांच्यावर आरोप होता त्यांचे समर्थकही थोड्याच दिवसांत तो शब्द हसत हसत वापरायला लागले. घोटाळ्याच्या आरोपाचं इतक्या लवकर लोकगीत होत असेल तर आरोपीने घाबरायचं कशाला?

माझं म्हणणं इतकंच आहे की टिंगलीचे दोन प्रकार असतात आणि आपण त्यांची सरमिसळ करतो. एक टिंगल बोट दाखवते : हा सर्व्हे नंबर, हा ठराव, ही सही. दुसरी हात झटकते : जाऊ दे हो, सगळे एकाच माळेचे मणी. ही दुसरी ऐकायला फार बाणेदार वाटते. कुठल्याच पक्षाचा मुलाहिजा नाही, कोणाची भीड नाही. पण सगळेच चोर असतील तर त्यातला एक चोर विशेष पकडण्याचं कारण उरत नाही. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी सात वाजता येणारी राजकारण्यांवरची मीम्स याच जातीची असतात. ती पाठवणारे काका दुपारी नगरसेवकाच्या कार्यालयात पाण्याच्या टँकरसाठी उभे असतात. मी त्यांना दोष देत नाही, पाणी लागतंच. मात्र त्या मीमला विरोध म्हणायची माझी तयारी नाही.

बोट दाखवणाऱ्या टिंगलीला सगळ्यात जास्त वाव आहे तो दिल्ली-मुंबईत नाही, महापालिकेत. आणि नेमकी तिथेच ती नाही. ठाण्याची महासभा कशी चालते ते ज्याने प्रेक्षक गॅलरीत बसून बघितलंय त्याला टेक्ससला जायची गरज नाही. विषयपत्रिकेत नसलेले 'ऐनवेळचे विषय', गोंधळात मंजूर झालेले ठराव, आणि महिन्यांनी इतिवृत्त कायम करताना त्यात सापडणारी अशी वाक्यं, जी सभागृहात कोणी बोलल्याचं कोणाला आठवत नाही. नव्वदच्या दशकात इथल्या ठेक्यांमधल्या टक्केवारीची चौकशी करायला राज्य सरकारला नंदलाल समिती नेमावी लागली. ज्येष्ठ ठाणेकरांपुढे आजही ते नाव काढलं की चेहऱ्यावर हसू येतं. बघा, पुन्हा हसूच.

४ एप्रिल २०१३ ला शीळफाट्याजवळ लकी कंपाउंडमधली इमारत कोसळली. बेकायदा, काही महिन्यांत घाईघाईने चढवलेली. ७४ माणसं मेली, त्यात लहान मुलं होती. यावर विनोद होत नाही आणि करूही नये. पण ही इमारत पडण्याआधी तिचा मजल्यामागून मजला चढत होता, तेव्हा तिच्याबद्दल बोचरं, नावानिशी, चार लोकांत चर्चा होईल असं कोणी लिहिलं असतं तर? अटक झालेल्यांची यादी बघितली की उत्तर मिळतं. बिल्डर होते, पालिकेचे अधिकारी होते, पोलीस होते, नगरसेवक होता, आणि एक पत्रकारही होता.

नवी मुंबईचं उदाहरण वेगळ्या चवीचं आहे. कोयनेचं धरण साठच्या दशकातलं. त्यातल्या प्रकल्पग्रस्तांना द्यायच्या म्हणून खारघरजवळच्या २४ एकरांची फाईल हलली ती इतक्या वर्षांनी, आणि जमीन त्यांच्या नावावर झाली न झाली तोच बिल्डरकडे गेली. जुलै २०१८ च्या नागपूर अधिवेशनात यावरून रान पेटलं, मुख्यमंत्र्यांना व्यवहाराला स्थगिती द्यावी लागली. अर्ध्या शतकाच्या सरकारी दिरंगाईनंतर अचानक अंगात आलेला हा वेग! आयव्हिन्सच्या हाती लागला असता तर तिने आठ दिवस दुसरं काही लिहिलं नसतं. आपल्याकडे सत्ताधारी आणि विरोधक यांनी एकमेकांवर आरोप केले, आकडे फेकले, आणि प्रकरण 'राजकारण' या सदरात जाऊन पडलं. प्रकल्पग्रस्त माणसाने एवढ्या वर्षांनी मिळालेली जमीन तातडीने का विकली, त्याच्या हातात खरोखर किती पडले, सातबारावर नाव चढवायला कोण धावलं, हे सगळं कोणी गोष्टीसारखं सांगितलंच नाही.

त्यात आणखी एक विचित्र काळ आपण बघितला. नवी मुंबई महापालिकेची मुदत मे २०२० मध्ये संपली, ठाण्याची मार्च २०२२ मध्ये. पुढची कित्येक वर्षं दोन्हीकडे प्रशासक. महासभा नाही, स्थायी समिती नाही, प्रश्न विचारणारा एकही निवडून आलेला माणूस नाही. हजारो कोटींची अंदाजपत्रकं आयुक्तांनी मांडली आणि आयुक्तांनीच मंजूर केली. ज्या महासभेला आपण बाजार म्हणून हसत होतो तो बाजार निदान उघड्यावर भरत होता, हे तेव्हा कळायला हवं होतं. स्तंभलेखकाला रंगमंच लागतो. बंद खोलीत एकच सही होत असेल तर टिंगल कशाची करणार, आणि बातमी तरी कुठून आणणार?

असा स्तंभ इथे का लिहिला जात नाही, याची कारणं भ्याडपणापेक्षा रोकडी आहेत. स्थानिक पेपर वाढदिवसाच्या पानभर जाहिरातींवर जगतात. ठाण्यात नितीन कंपनी ते कापूरबावडी या टापूत फलकांवर 'भावी नगरसेवक' झळकतात, आत पेपरात तोच चेहरा, त्याच फोटोत. जाहिरात देणाऱ्याची खोड काढून वर तिचा फलक लावणारा डॅलससारखा संपादक मिळायला मालकाच्या खिशात दुसरं उत्पन्न असावं लागतं. मग कायदा. अब्रुनुकसानी आपल्याकडे अजून फौजदारी गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये तो घटनात्मक ठरवला आणि नव्या न्याय संहितेतही तो आलाय. नुसतं खरं असून भागत नाही, ते लोकहितासाठी होतं हेही दाखवावं लागतं. बोफोर्सनंतर राजीव गांधींच्या सरकारने १९८८ मध्ये आणखी कडक विधेयक आणलं होतं. देशभरातले पत्रकार रस्त्यावर उतरले म्हणून ते मागे घ्यावं लागलं.

आणि कायद्याच्याही आधी पोलीस आणि कार्यकर्ते. मे २०२२ मध्ये शरद पवारांवरची एक कविता फेसबुकवर टाकली म्हणून एका अभिनेत्रीला ठाणे पोलिसांनी अटक केली. महिन्याहून जास्त काळ ती आत होती. ती कविता वाईट होती. आजारपणावर आणि चेहऱ्यावर हसणारी, हात झटकणाऱ्यांतलीच. पण वाईट कवितेला तुरुंग हे उत्तर नव्हे. मार्च २०२५ मध्ये एकनाथ शिंदे यांच्यावरच्या विडंबनगीतावरून खारमधला स्टुडिओ फोडला गेला. तेव्हा सत्तेत कोण होतं आणि आता कोण आहे, हे बाजूला ठेवून बघितलं तर दोन्हीकडे एकच दिसतं : टवाळी करणाऱ्याला हात लावायला वेळ लागत नाही, फाईलला हात लावायला मात्र वर्षं जातात. गंमत म्हणजे या दोन्ही वेळी जे चिडले ते व्यक्तीवरच्या शेऱ्यांवरून. एखाद्या निविदेतले आकडे गाण्यात म्हटले म्हणून स्टुडिओ फोडल्याचं मी ऐकलेलं नाही. ते गाणंच अजून कोणी रचलेलं नाही.

माझे एक वडीलधारे स्नेही, निवृत्त शिक्षक, मराठी ग्रंथसंग्रहालयाचे जुने सभासद, यांना ही सगळी भाषाच पटत नाही. त्यांचं म्हणणं, भ्रष्टाचार ही संतापाची गोष्ट आहे, तिची थट्टा करून तुम्ही लोकांना निगरगट्ट करता. मी ते निम्मं मानतो. मघाशी झाडी-डोंगाराचं सांगितलं ते त्यांच्याच बाजूचं आहे. पण नुसत्या संतापाचे अग्रलेख तरी कोण वाचतं? संताप लिहिणाऱ्याला बरं वाटावं म्हणून असतो. नालेसफाईच्या ठेक्याचे दर, गाळाच्या वजनाच्या पावत्या, त्याच त्या तीन ठेकेदारांनी भरलेल्या निविदा हा जगातला सगळ्यात रुक्ष ऐवज आहे. तो वाचकाच्या गळी उतरवायला हसण्याशिवाय दुसरं वाहन मला माहीत नाही. आयव्हिन्सला बँकेच्या ठेवींच्या विम्यावर लोकांना वाचायला लावता आलं, ते याच जोरावर.

त्यांचा दुसरा प्रश्न जास्त अवघड होता : पैसे कोण देणार? 'टेक्सस ऑब्झर्व्हर' १९५४ मध्ये निघाला आणि जवळजवळ सगळा काळ तोट्यातच राहिला. मार्च २०२३ मध्ये विश्वस्तांनी तो बंद करायचा ठराव केला. कर्मचाऱ्यांनी वाचकांना हाक दिली, काही दिवसांत तीन लाखांवर डॉलर जमले आणि विश्वस्तांना ठराव मागे घ्यावा लागला. आता जानेवारी २०२६ च्या निवडणुकांनंतर ठाण्यात आणि नवी मुंबईत सभागृहं पुन्हा भरायला लागलीत, ऐनवेळचे विषयही यायला लागतील. गणपतीची, दहीहंडीची पावती न कुरकुरता फाडणारं हे शहर महासभेत बसून इतिवृत्त वाचणाऱ्या एखाद्या खवचट माणसासाठी महिन्याला शंभर रुपयांची पावती फाडेल का, असं मी सरांना विचारलं. सर म्हणाले, आधी तो माणूस आण, आणि त्याचं कुठल्या बिल्डरकडे फ्लॅटचं बुकिंग नाही ना, ते बघून घे.